अठ्ठेचाळिसावं चित्र

१० फेब्रुवारी, सोमवार

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत स्वल्पविराम घालत आले. आज आमच्या आर्ट कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांनी, सुरेश सरांनी, केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "त्रिवेणीगारू, पटाचं पुस्तक तुमच्या नावानं काढू." गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी'. 'संपादन' या शब्दापुढे माझं नाव. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात दोन मिनिटं कठड्याला धरून उभी राहिले.

अट एकच. फाइल पंधरा मार्चला छापखान्यात गेली पाहिजे, म्हणजे २९ तारखेच्या वार्षिक प्रदर्शनात पुस्तक टेबलावर येईल. ३१ला मी निवृत्त. तारीख हुकली तर पुस्तक पुढच्या वर्षी निघेल आणि माझ्या खुर्चीवर जो कुणी बसेल त्याचं नाव लागेल. कॉलेजचा नियमच तसा आहे आणि तो नियम मीच टाईप केलाय.

आमचा प्रकाशन विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक न लागणारं कपाट. पण बिदरी कामावरचं आमचं पुस्तक परदेशातून लोक पत्र लिहून मागवतात. आता हा पट. बेचाळीस फूट लांब कापड, त्यावर एकाखाली एक अठ्ठेचाळीस चित्रं. जनगावच्या पलीकडे एका खेड्यात यादगिरी नावाचे म्हातारे आहेत. हा पट गावोगाव उलगडून ते नीरडीची गोष्ट सांगायचे. नीरडी म्हणजे तळ्याचं पाणी शेताशेताला वाटून देणारा, आपल्याकडचा पाटकरी. अशी गोष्ट सांगणारा आता त्यांच्याशिवाय कुणी उरलेला नाही म्हणतात. पट कुणाच्या हाती देणार नाही, स्वतः घेऊन येतो, असा त्यांचा निरोप आहे.

घरी येऊन यांना सांगितलं. "चांगलं झालं की," म्हणाले आणि परत खिडकीकडे बघत बसले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून लक्ष्मणरावांचं हे असंच चाललंय, चार वर्षं झाली. आमच्या तारनाक्याच्या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्यांची पाण्याची टाकी. मी निवृत्त झाले की दोघं मिळून टाकी बघू.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आले. उप्पलच्या बस स्टँडवर मी आणि तेजस घ्यायला गेलो होतो. तेजस आमचा फोटोग्राफर. आईवडील पुण्याहून आलेले आयटीवाले, हा कुकटपल्लीत वाढलेला. मराठी फाडफाड बोलतो आणि वाचायला दिलं की पहिलीतल्या पोरासारखा बोट ठेवून वाचतो.

बसमधून आधी उतरली नात भामा, मग घोंगडीत गुंडाळलेला पट दोन्ही हातांवर घेऊन यादगिरी ताता. ताता म्हणजे आजोबा, इथे म्हाताऱ्या माणसाला सगळेच तसं म्हणतात. पटाचं वेगळं तिकीट काढलं होतं, खिडकीची जागा. कंडक्टरशी वाद झाला म्हणे. भामा सांगत होती, "ताता म्हणाले, आत देवी आहे. कंडक्टर म्हणाला, बायकांना फुकट आहे, पण आधार कार्ड दाखवा तिचं." शेवटी तातांनी पैसे मोजले, देवीचे आणि स्वतःचे.

भामा औषधांच्या दुकानात कामाला आहे. हसतमुख म्हणता येणार नाही. हातात एक मोठं खाकी पाकीट होतं, ते तिनं रिक्षातही मांडीवरून खाली ठेवलं नाही. पेन्शनचे कागद असावेत. तिनं दोनदा विचारलं, "बुधवारच्या आत आटपेल ना, मॅडम?" मी म्हटलं, मंगळवारी दुपारीच मोकळे व्हाल. दुकानवाले रजेला कटकट करत असणार, कोण करत नाही.

ताता वाळलेले, पण ताठ. आवाज अगदी घोगरा. जन्मभर उघड्यावर ओरडून गाणाऱ्याचा गळा असाच होणार. कोमट पाण्याचा तांब्या जवळ लागतो आणि एकेक घोट जपून गिळतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस कसा लिहावा कळत नाही. क्रमानं लिहिते.

छपाई विभागाचा मोठा हॉल झाडून पुसून घेतला होता, पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, तेजसनं कॅमेरा वर टांगला होता. तातांनी विचारलं, "कुठून सुरू करायचं?" मी म्हटलं, "सुरू काही करायचं नाही, ताता. नुसता उघडायचा, फोटो काढायचे, बंद करायचा. तुम्ही बसा." ते दाराशी स्टुलावर बसले. पट उलगडत उलगडत त्यांच्या पायापाशी आला तेव्हा त्यांनी दोन्ही पाय उचलून घेतले आणि वाट दिली.

मी पुष्कळ पट पाहिलेत, पुस्तकांत. हा जमिनीवर पसरला तेव्हा मी हातातली यादी खाली ठेवली. सगळी जमीन लाल. वाळत घातलेल्या मिरच्यांचं अंगण असतं, तसा लाल. त्यावर माणसं, बायका, बैल, मासे, बांध, पाणी, आणि प्रत्येकाला हा एवढा मोठा डोळा. मदतीला आलेली कॉलेजची मुलं पटाच्या कडेला येऊन वाकली.

दीड वाजता अठ्ठेचाळिसावा फोटो झाला. मी म्हटलं, चला, गुंडाळा.

"आता नाही गुंडाळता येत," ताता म्हणाले.

"का?"

"शेवटचं चित्र उघडलं. उघडलं की सांगावं लागतं. सांगून झाल्याशिवाय पट मिटत नाही."

"सांगायला वेळ किती लागतो?"

"सात दिवस."

भामा गर्रकन वळली. "ताता," म्हणाली, एवढंच. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि ज्यानं उघडलं त्यानं ऐकायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक दिवस न चुकता. बाकी कुणी येवो न येवो."

माझं डोकंच फिरलं. आधी का नाही सांगितलं म्हटलं तर म्हणतात, तुम्ही विचारलं कुठे. खरं आहे. सत्तावीस वर्षं वारशावर पुस्तकं काढणारी बाई मी, आणि ज्याचा वारसा त्यालाच विचारायचं राहिलं.

गुंडाळून टाकू, झालं, असं ठरवून तेजसला म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी मॅम, माझ्याने नाही होणार." अन्वर गेल्या वीस वर्षांपासून गेटवर आहे, माझा एक शब्द खाली पडू देत नाही. तो म्हणाला, "मेरेकू नक्को बोलो मॅडम. किसीकी अमानत है वो." मग चार वाजता हॉल रिकामा झाल्यावर मी एकटी गेले. मी देवभोळी नाही. घरातला देव्हारा यांच्या आईचा म्हणून आहे. गुडघे टेकून पटाचं टोक धरलं आणि मला ते उचलता येईना. भीती नव्हती. कुणी बोलायला तोंड उघडलंय आणि आपण फोन ठेवून देतोय, तसं वाटलं. टोक सोडून दिलं आणि बाहेर आले.

सुरेश सरांनी सात दिवस दिलेत. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम अडलं म्हणून ते वैतागलेत, माझं पुस्तक अडलं म्हणून मी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिला दिवस, सात चित्रं. मी वही घेऊन बसले होते, पुस्तकाला मजकूर होईल म्हणून. पहिल्या पानावर तीन ओळी आहेत. पुढची पानं कोरी.

स्टुलावरचा म्हातारा आणि काठी घेऊन पटापाशी उभा राहिलेला माणूस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घोगरा आवाज तोच, पण त्यात किती माणसं राहतात. गावची पाटलीण बोलली, बैल बोलला, कोरडी जमीन बोलली. बांधाची माती वाहणाऱ्या बायका चालताना त्यांच्या डोक्यावरची पाटी मला हलताना दिसली, चित्रात. पाच वाजले तेव्हा मला वाटलं, अर्धा तास झाला असेल.

भामा बाहेर व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी विनवत होती, तारीख पुढे घ्या, फक्त सात दिवस. दुकानाचा मालक भलताच खडूस दिसतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल मी डबा विसरले, तो घेऊन लक्ष्मणराव कॉलेजात आले. डबा देऊन जातील वाटलं, तर दाराशी चपला काढून भिंतीला टेकून बसले ते पाच वाजेपर्यंत. आज डबा मी विसरले नव्हते. तरी आले. येताना तातांसाठी थर्मासमध्ये कोमट पाणी आणलं. घरातला थर्मास कुठल्या फडताळात आहे हे यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

रात्री जेवताना म्हणाले, "आमच्या उदगीरकडं पाटकरी अण्णा होता. पाणी सोडायचं तर रातच्याला कंदील घेऊन फिरायचा. कुणाचा एक वाफा चुकला नाही त्याचा." चार वर्षांत एकदम इतकी वाक्यं मी ऐकली नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं होतं, तेही बोलले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाचवा दिवस. कॉलेज बंद, अन्वरनं कुलूप उघडून दिलं. वाटलं आज मी एकटीच असणार. पंचवीस-तीस माणसं होती. मुलांनी आपल्या घरच्यांना आणलं होतं. तेजसची आई कुकटपल्लीहून आली होती.

आज काय ऐकलं ते लिहून ठेवते, वहीत नाही जमलं तर इथे.

तळं भरलं. नीरडीचं नाव एरन्ना. भर दुपारी तो बांधावर एकटा असताना पाणी बाईच्या रूपानं वर आलं. म्हणालं, मी भरले, आता इथे मावत नाही, बांध फोडून जाते. खाली गाव, शेतं, घरात त्याची बायको ताट वाढून बसलेली. एरन्ना म्हणाला, आई, मी नोकर माणूस, गावाला विचारून येतो. मी परत येईपर्यंत थांबशील? पाणी म्हणालं, थांबेन, पण तू येईपर्यंतच.

एरन्ना गावात आला. वेशीतच त्याच्या लक्षात आलं. आपण परत गेलो तर ती जाईल. आपण गेलोच नाही तर तिला थांबावं लागेल, शब्द दिलाय तिनं. घराच्या दारातून त्यानं वाढलेलं ताट बघितलं, आत गेला नाही, आणि चालत सुटला, दुसऱ्या दिशेला. तो अजून चालतोय.

ताता काठी टेकून थांबले. "तेव्हापासून पाणी रोज संध्याकाळी विचारतं." मग पाण्याच्या आवाजात, अगदी हळू, "वच्चिंडा?" आला का तो? आणि आमच्याकडे हात केला. कुणी शिकवलं नव्हतं. सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "इंका राले." अजून नाही आला.

बसमध्ये बसले तरी ते दोन शब्द तोंडात होते. आपण एवढी माणसं रोज खोटं नाही, खरंच सांगतोय, आणि त्या खऱ्यावर अख्खं गाव उभं आहे. आजपासून रोज शेवटी हे विचारलं जाणार आहे म्हणे.

तातांनी आज पाणी बरंच सांडलं, घोट उतरत नव्हता. दगदग झाली असणार. मी भामाला म्हटलं, खडीसाखर दे. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सत्तेचाळिसावं चित्र सांगून झालं. ताता काठी उचलून शेवटच्या चित्राकडे निघाले. त्या चित्रात माणूसच नाही. काठोकाठ भरलेलं तळं आणि बांधावर ठेवलेली एरन्नाची काठी. मी तातांच्या मागोमाग गुडघ्यांवर सरकत होते, आपलं वय विसरून.

चित्रापाशी पोचायच्या आत त्यांचा श्वास अडकला. काठी खाली पडली. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तेजसनं गाडी काढली. लक्ष्मणराव, जे कोपऱ्यावर दूध आणायला जात नाहीत, ते तातांना पाठीशी धरून मागच्या सीटवर बसले.

ते खाकी पाकीट पेन्शनचं नव्हतं. तातांच्या घशात गाठ आहे. १९ तारखेला, बुधवारी, ऑपरेशन ठरलेलं होतं.

पट तसाच उघडा आहे. अन्वरनं हॉलला कुलूप घातलंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याच्या जिन्यात भामा माझ्यावर तुटून पडली. "अशी काही रीत नाहीये, मॅडम. मी लहानपणापासून बघते. पाऊस आला की ताता अर्ध्यात पट गुंडाळायचे. लाइट गेली की गुंडाळायचे. कुणी जेवायला बोलावलं तरी गुंडाळायचे." मग रडली. डॉक्टर म्हणतात आता एक दिवस थांबता येणार नाही, आणि ताता कागदावर अंगठा द्यायला तयार नाहीत.

पोरगी दमलीय. रीतीतलं बारीकसारीक तिला कुठलं ठाऊक. तातांसारखा माणूस पटाच्या बाबतीत खोटं बोलेल हे मला पटत नाही.

मी आत गेले. ताता उशीला टेकून बसले होते. आवाज जवळजवळ नव्हताच, ओठांशी कान नेला तर कळत होतं. म्हणाले, "एक राहिलं. तेवढं सांगतो, मग जातो." मी खुर्ची ओढली आणि काय बोलले ते मलाच नवल वाटतंय. म्हटलं, "इथे नाही. पट तिथे उघडा आहे. ज्यानं उघडलं त्यानं ऐकायचं, तुमचीच रीत. मी पहिल्यापासून एक दिवस चुकवला नाही. माझं एक चित्र बाकी आहे, ते पटापाशी येऊन सांगायचं. तोवर मी कुणालाही गुंडाळू देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मग हसायला लागले. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज नाही. भामा घाबरून आत आली. त्यांनी तिच्याकडे अंगठा पुढे केला, शाईसाठी.

एवढं हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. पण काम झालं.

३ मार्च, सोमवार

ऑपरेशन शुक्रवारी झालं. व्यवस्थित झालं, गाठ पूर्ण निघाली. मी देवाला साखर ठेवली, यांच्या आईच्या देवाला.

संध्याकाळी भामानं सांगितलं. गाठीबरोबर आवाजाची पेटी काढावी लागली. ताता आता बोलू शकणार नाहीत. गाणं दूरच.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, मॅडम."

मी घरी आले, गॅसपाशी उभी राहिले, दूध उतू गेलं, तरी उभी होते. एक चित्र सांगतो म्हणत होता तो माणूस. पाच मिनिटं लागली असती. त्याच्या आवाजाची शेवटची पाच मिनिटं होती ती, आणि मी त्याला रीत शिकवली. माझी मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. लक्ष्मणरावांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, म्हणाले, "तू अडवलंस म्हणून तो ऑपरेशनला गेला. नाहीतर थांबलाच असता की सांगत." मला यातलं काही ऐकायचं नव्हतं, पण ओटा स्वच्छ पुसला होता.

१० मार्च, सोमवार

सुरेश सरांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. सत्तेचाळीस चित्रांचा मजकूर तयार आहे. तेजसनं सातही दिवस आवाज टिपून ठेवला होता, त्यामुळे माझी कोरी वही नडली नाही. शेवटच्या चित्राचं भामाला ठाऊक आहे, तिनं लहानपणी शंभरदा ऐकलंय. तिच्याकडून पाच मिनिटांत विचारा, एक पान लिहा, शनिवारी फाइल पाठवा, पट गुंडाळून तातांना घरपोच करू, हॉल मोकळा होईल. "तुमचं नाव छापलेलं मला बघायचंय, त्रिवेणीगारू," म्हणाले. मलाही बघायचंय. खोटं कशाला लिहू.

घरी येऊन भामाला फोन लावला. ती म्हणाली, "सांगू का? फारसं काही नाहीये त्यात." मी म्हटलं, थांब. मग तातांची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

कुणी म्हणेल बाईचं डोकं फिरलं. असेल. पण मला असं वाटतं की शेवट मी दुसऱ्याकडून ऐकला तर तातांना परत यायचं कारण उरत नाही. त्यांना नळीतून दूध देतायत. भामा म्हणते, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. अशा माणसाचं कुणाकडे तरी काहीतरी देणं राहिलेलं असावं.

१५ मार्च, शनिवार

फाइल पाठवली नाही.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा, इथला उगादी. परवा रमजान ईदची सुट्टी. म्हणजे ज्या दिवशी निवृत्त व्हायचं तो दिवससुद्धा परस्पर गेला आणि आजच शेवटचा ठरला. शाल, नारळ, समोसे झाले.

प्रदर्शनाच्या टेबलावर माझं पुस्तक नव्हतं. त्या जागी कुणीतरी फुलदाणी ठेवली होती. ती मी दोनदा बघितली आणि तिसऱ्यांदा तिकडे गेले नाही.

पण हॉलमध्ये पट होता. मुलांनी आपली चित्रं भिंतींवर लावली आणि मधे जमिनीवर पट तसाच ठेवला, सव्वा महिना उघडा. पाटी नाही, दोरी नाही, माहिती नाही. तरी येणारा प्रत्येक जण दारात चपला काढत होता आणि कडेकडेनं चालत होता. सुरेश सरांनी बूट काढले तेव्हा त्यांच्या मोज्याला भोक दिसलं. एक बाई शेवटच्या चित्रापाशी मला म्हणाली, इथे कुणी नाही का? माझ्या तोंडून आपोआप आलं, "इंका राले."

३ एप्रिल, गुरुवार

अन्वरनं मला रजिस्टरमध्ये सही करायला लावली. पाहुण्यांचं रजिस्टर. "क्या करना मॅडम, रूल तुम्हीच बनाये," म्हणाला आणि नजर चुकवली. 'भेटीचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, ऐकणे.

ताता अकरा वाजता आले. गळ्याभोवती पांढरा पंचा, अंग अर्धं झालेलं. भामाचा हात सोडून एकटे चालत गेले, पटाच्या कडेनं, पहिल्या चित्रापासून. प्रत्येक चित्रापाशी थांबत होते, माणसं ओळखीची असल्यासारखे. आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलो, लक्ष्मणराव, तेजस, मुलं, सुरेश सर, दारात अन्वर. मी माझ्या जागी, पुढे.

शेवटच्या चित्रापाशी ते काठी टेकून उभे राहिले. मला वाटलं आता भामा सांगेल आणि ते काठीनं दाखवतील. भामा जागची हलली नाही. तातांनी काठी चित्रातल्या काठीवर ठेवली. मग ती हळूहळू पाण्यावरून फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता, तो कुणीतरी बंद केला. त्यांनी आमच्याकडे तोंड केलं. आमच्याकडे नाही, माझ्याकडे. आणि ओठ हलवले.

आवाज नव्हता. पंचा थोडा हलला, बस. पण मला ऐकू आलं. पाण्याचा आवाज असाच असणार, इतकी वर्षं बांधाला टेकून थांबलेल्या पाण्याचा. इतकं मोठं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि हॉलमध्ये कुणी काही बोललं नव्हतं.

तेव्हा कळलं की शेवटच्या चित्रात सांगणाऱ्याला सांगायचं काही नसतंच. तिथे फक्त विचारायचं असतं. सांगायचं असतं ऐकणाऱ्यानं.

मी गुडघ्यांवर पुढे सरकले.

"इंका राले," मी म्हटलं.

तातांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग खाली बसले, पटाचं टोक उचललं आणि मला जवळ बोलावलं. पट शेवटाकडून गुंडाळतात, म्हणजे शेवटचं चित्र सगळ्यात आत जातं. आम्ही दोघांनी मिळून गुंडाळला. पाऊण तास लागला. माझे गुडघे अजून बोलतायत.

उप्पलला सोडायला गेलो. तिकिटाच्या रांगेत लक्ष्मणराव आपणहून उभे राहिले आणि न सांगता पटाचंही तिकीट काढून आले. ताता आत जाऊन बसले, पट खिडकीशी. भामा पायरीवर थांबली.

"मॅडम, तुमचं पुस्तक गेलं," ती म्हणाली. "आणि खरंच सांगते, अशी रीत नव्हती ओ. त्यांना एकदा सगळं सांगायचं होतं, आवाज जायच्या आधी. म्हणून त्यांनी ती बनवली."

मी खिडकीतून तातांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, स्टुलावर पाय वर उचलून घेतले होते तेव्हासारखे.

"आता आहे," मी म्हटलं. "पुस्तकाच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर आहे. मी टाईप केलीय."

ती पहिल्यांदाच हसली. कंडक्टरनं दोरी ओढली आणि बस सुटली.